वाड्याचा जुना दरवाजा दर पावसाळ्यात अडकतो? रंधा मारण्याआधी हे तपासा

मृग बरसला की पंधरा दिवसांत फोन सुरू होतात, आणि गणपती जवळ आले की थांबतच नाहीत. "एकच झडप उघडतीय हो, दुसरी हलत नाही. मूर्ती आत आणायची कशी?" दार प्रत्येक वेळी वेगळं असतं. कधी बेळगावच्या शहापुरातल्या पाडलेल्या वाड्याचं, कधी निपाणीच्या जुन्या वखारीचं, कधी अथणीकडच्या घराचं, तर कधी दलालाने तमिळनाडूतून, कराईकुडीहून आणलेलं. हौसेने विकत घेतलेलं असतं, नव्या बंगल्याला बसवलेलं असतं आणि दरवर्षी आषाढात अडकतं. मी पोचेपर्यंत बहुतेक ठिकाणी कुणीतरी रंधा मारून गेलेला असतो.

जुने दरवाजे, चौकटी, खांब, गणेशपट्ट्या (दारावरची गणपती कोरलेली आडवी पट्टी) जमवणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. त्यात या एका तक्रारीसाठी मी जेवढ्या घरी गेलो, तेवढा दुसऱ्या कुठल्याच कामासाठी गेलो नाही. म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो: पावसाळ्यात अडकलेल्या दाराला पावसाळ्यात रंधा मारू नका. लाकूड फुगणं हा दोष नाही, तो लाकडाचा स्वभाव आहे. दोष असतो तो फुगायला जागा न ठेवण्यात, नाहीतर पाणी नको तिथून आत शिरण्यात. तो दोष शोधायचा असतो.

आधी लक्षणं

दार अडकतं एवढ्यावर काही कळत नाही. केव्हा अडकतं आणि नेमकं कुठे घासतं, हे दोन प्रश्न महत्त्वाचे.

आषाढ-श्रावणात अडकतं आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळं होतं, तर ती हवेतल्या ओलीची गोष्ट. बाराही महिने अडकतं, तर लाकडाला बोल लावू नका. चौकट किंवा बिजागरी बघा.

दोन्ही झडपा मधे एकमेकींवर चढतात आणि मधली पट्टी आधी कोणी लावायची यावर दार अडतं, तर झडपा रुंदीत वाढल्यात. वरचा बाहेरचा कोपरा चौकटीला घासतो आणि त्याच झडपेचा खालचा कोपरा फरशीला टेकतो, तर झडप खाली बसलीय. फरशीवर अर्धगोल ओरखडा उठलेला असेल तरी तेच. दार लागतं, पण वरचा कोपरा आत आणि खालचा बाहेर राहतो, म्हणजे झडपेला पीळ पडलाय.

खालची वीतभर पट्टी काळी पडलीय, नखाने दाबली तर मऊ लागते, कुबट वास येतो, तर तिथे पाणी मुरतंय. दाराखाली रोज सकाळी पिठासारखी भुकटी दिसते, किंवा चौकटीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसते, तर खालचं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

नेमकं घासतंय कुठे हे डोळ्यांना दिसत नाही. पोरांचा पाटीवरचा खडू घ्या, चौकटीच्या आतल्या कडेला सगळीकडे फासा, दार हळू लावा आणि उघडा. झडपेवर खडू उमटला ती जागा. पाच मिनिटांचं काम आहे, पण सुतार आणि घरमालक दोघेही ते टाळतात आणि अंदाजाने पूर्ण कड तासून मोकळे होतात.

लाकूड का हलतं

एवढं समजून घेतलंत तर पुढची तपासणी सोपी जाते. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते रुंदीत. सागवान ओल्यापासून पार कोरडं होईपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के. म्हणजे ज्या फळीवर डोंगरासारखी नक्षी दिसते ती जास्त हलते, आणि ज्या फळीवर सरळ उभ्या रेषा दिसतात ती निम्म्याहून कमी. जुन्या सुतारांनी मोठ्या दारांना उभ्या रेषांच्या फळ्या निवडलेल्या दिसतात, त्या शोभेसाठी नव्हेत.

आता हिशेब करा. हवेत ९० टक्के आर्द्रता सतत राहिली तर लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतो. ४० टक्के आर्द्रतेत तो ७-८ टक्क्यांवर येतो. जाड दार एका हंगामात या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही, म्हणून निम्म्याहूनही कमी फरक धरू, ५ टक्के. डोंगरनक्षीच्या ४० सेंटीमीटर रुंद झडपेला दर १ टक्का ओलाव्यामागे पाऊण मिलीमीटर वाढ होते. ५ टक्क्यांना पावणेचार मिलीमीटर. दोन झडपा धरल्या तर सात मिलीमीटरच्या वर. चौकटीत एवढी जागा आहे का, हे उन्हाळ्यातच बघायला हवं होतं.

"शंभर वर्षांचं मुरलेलं लाकूड आहे, आता काय हलणार?" हे वाक्य मी प्रत्येक घरी ऐकतो. मुरलेलं लाकूड नव्यासारखं वेडंवाकडं होत नाही, हे खरं. पण हवेतली ओल घेणं आणि सोडणं ते कधीच थांबवत नाही. त्यात आपल्या बेळगाव जिल्ह्याची गंमत अशी की अथणी-रायबागकडे कोरडं, आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस कोसळतो. अथणीच्या वाड्यात शंभर वर्षं सुखाने उघडझाप केलेलं दार जांबोटीच्या फार्महाऊसला बसवलं की पहिल्याच पावसाळ्यात अडकतं. ते दार फसवं नसतं. त्याने असा पाऊस कधी पाहिलेलाच नसतो.

पहिली तपासणी: मळ, रंग, फरशी

याला पैसा लागत नाही. उंबरठ्याच्या खाचेत माती, रांगोळी, हळद-कुंकवाचा थर साचून दगडासारखा होतो. जुन्या टूथब्रशने आणि बांबूच्या काडीने तो काढा. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, खाचेची धार तुटते. मग झडपेच्या कडेवरचा रंग बघा. दर दिवाळीला एक हात, असे रंगाचे थर चढत जातात. मी एका दाराच्या कडेवर दोन मिलीमीटर जाडीचा रंग मोजलाय. म्हणजे अडकत होता तो रंग होता, लाकूड नव्हे. मात्र जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, कारण खाली सांगतो.

तिसरं, फरशी. शहाबादी न काढता त्यावरच नवी टाइल बसवली की फरशी दोन-तीन सेंटीमीटर वर येते आणि दाराखालची जागा संपते. दार तेच, उंबरठा तोच, वाढली ती फरशी. इथे दार खालून कापण्याआधी थांबा. टाइलची एक ओळ दाराच्या फिरण्याच्या जागेपुरती उतरवून घेणं स्वस्त पडतं आणि जुन्या वस्तूला हात लागत नाही.

एवढ्याने निम्म्या घरांतलं काम होतं. थोडं घट्टच राहिलं तर घासणाऱ्या जागी कोरडी मेणबत्ती किंवा कपड्याचा साबण चोळा. गोडेतेल किंवा ग्रीस लावू नका. त्यावर धूळ बसते आणि ते लाकडात शोषलं जाऊन पुढे पॉलिश धरत नाही.

दुसरी: बिजागरी आणि खुंट

झडप खाली बसली असेल तर आधी बिजागरीचे स्क्रू. दार अर्धं उघडा, बाहेरची कड दोन्ही हातांनी धरून हलकेच वर उचला. वरच्या बिजागरीपाशी हालचाल दिसली की स्क्रू सैल. तो नुसता आवळला तर महिनाभर टिकतो, कारण भोकच मोठं झालेलं असतं. सागवानाची बारीक खुंटी करून फेव्हिकॉल लावून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, मग आधीच्यापेक्षा लांब स्क्रू नव्याने बसवा. आगकाडी कोंबणारे बरेच आहेत. पण आगकाडी मऊ लाकडाची असते, एवढं वजन ती पेलत नाही.

खऱ्या वाड्याच्या दाराला मात्र बिजागरी नसतेच. झडपेच्या एका कडेला वर आणि खाली गोल खुंट असतो. वरचा चौकटीतल्या भोकात आणि खालचा दगडाच्या नाहीतर लाकडाच्या खळग्यात बसतो. झडपेचं सगळं वजन त्या खालच्या खुंटावर. शंभर वर्षांत तो झिजतो आणि झडप एक-दोन सेंटीमीटर खाली येते. उघडताना करकरणं, फरशीवरचा अर्धगोल ओरखडा, वरच्या भोकात खुंट खुळखुळणं, ही त्याची चिन्हं. यावर उपाय सोपा आहे: खळग्यात मापाची पितळी तबकडी ठेवायची, म्हणजे झडप परत वर उचलली जाते. आपल्याकडे उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लेथवाल्यांची कमी नाही. खळग्याचा व्यास आणि झडप किती वर हवी ते माप घेऊन गेलात तर तासाभरात तबकडी कातून मिळते. लोखंडाची घेऊ नका, पावसाळ्यात गंजून फुगते आणि खुंटाला चावते.

हिंदवाडीतल्या एका घराची गोष्ट इथेच सांगतो. तीन वर्षांत तीन सुतारांनी त्या दाराला रंधा मारला होता. मी गेलो तेव्हा झडपेच्या कडेवरच्या वेलीची किनार एका बाजूने सपाट झालेली. सकाळी नऊचा सुमार, बाहेर भुरभुर. मी फरशीवर पालथा पडून मोबाइलचा दिवा खालच्या खळग्यात मारला तर आत पाणी चमकलं. नवा उंबरठा बसवताना गवंड्याने खळगा चारी बाजूंनी सिमेंटने बांधून घेतला होता. तो वाटीसारखा झाला होता. फरशी पुसली की पाणी तिथे, पाऊस उडाला की पाणी तिथे. खुंट चोवीस तास पाण्यात उभा. लाकूड उभ्या नळ्यांसारखं असतं, खालून पाणी वर ओढतं; त्या झडपेची खालची दीड वीत ओली होती आणि वरचा भाग कोरडा. म्हणून झडप खाली रुंद आणि वर अरुंद झाली होती. सिमेंट फोडलं, पाण्याला बाहेर जायला बोटभर उताराची वाट केली, खुंट सुकू दिला, तबकडी ठेवली. पुढच्या पावसाळ्यात दार फिरलं. पण ती किनार परत आली नाही.

तिसरी: पाणी कुठून शिरतं

माझ्या मते सगळ्यात जास्त दारं या एका कारणाने अडकतात, आणि ही तपासणी सगळ्यात कमी लोक करतात. मोबाइलचा कॅमेरा चालू करून दाराच्या खालच्या कडेखाली सरकवा आणि फोटो काढा. मग स्टुलावर चढून वरच्या कडेचा फोटो काढा. दहापैकी आठ वेळा दोन्ही कडा कोऱ्या असतात. दिसत नाहीत म्हणून रंगाऱ्याने हात फिरवलेला नसतो. पण लाकडाच्या नळ्यांची तोंडं तिथेच उघडी असतात. फळीच्या पाठीपेक्षा तिथून पाणी कितीतरी पट वेगाने आत जातं. उन्हाळ्यात झडप उतरवून त्या दोन कडांना पॉलिशचे किंवा तेलाचे तीन-चार हात द्या. पुढच्या वर्षी दार कमी फुगतं.

दुसरी चूक: बाहेरून चकाचक पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश आणि आतून काहीच नाही. मग आतली बाजू ओल घेते, बाहेरची घेत नाही, आणि झडप पत्रावळीसारखी वाकते. दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या. लाखेचं फ्रेंच पॉलिश देवघराच्या दाराला शोभतं, पण पावसाचा मारा असलेल्या दर्शनी दाराला लावू नका. पाणी लागलं की ते पांढरं पडतं. मी बाहेरच्या दाराला उकळलेलं जवसाचं तेल पसंत करतो. पातळ हात, दोन हातांमध्ये पुरेसा अवकाश, जास्तीचं तेल पुसून घ्यायचं. आणि हे लक्षात ठेवा: तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेल्या फडक्याला आपोआप आग लागू शकते. फडकी उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

तिसरं, दारावर छज्जा किती आहे? वाड्याचं दार ओसरीच्या आत, खोलवर असायचं; पागोळ्या चार हात लांब पडायच्या. तेच दार आज बंगल्याच्या सपाट भिंतीत, वर फूटभर स्लॅब. पश्चिमेचा पाऊस सरळ दारावर येतो. अशा घरी दाराला काहीही करा, छज्जा वाढवल्याशिवाय दर वर्षी हेच होणार.

एक वेगळी चूक इथेच नोंदवतो. मार्च-एप्रिलमध्ये फळ्यांच्या मधे फटी पडतात. त्या फटी बघून लोक त्यात लांबी (पुटी) नाहीतर एम-सील ठासून भरतात. त्या फटी म्हणजेच पावसाळ्यात फुगायची जागा! ती बुजली की जुलैत फळ्या एकमेकींना ढकलतात आणि सगळी वाढ चौकटीवर जाते. फट फारच खुपत असेल तर सागवानाची पातळ पट्टी एकाच बाजूला चिकटवा, दुसरी बाजू मोकळी ठेवा. खणाच्या (पॅनेलच्या) दारातला खण कधीही खिळ्याने किंवा फेव्हिकॉलने जखडू नका. तो खाचेत सैल हलण्यासाठीच बसवलेला असतो. जखडला की एकतर खण फुटतो, नाहीतर उभ्या पट्ट्यांचे सांधे उघडतात.

चौथी: चौकट

इथपर्यंत काही सापडलं नाही तर ओळंबा आणि पाणसळ काढा. दोन्ही उभ्या बाजूंना ओळंबा लावा. मग सुतळीने दोन्ही कर्ण मोजा: वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, आणि उलट. दोन्ही सारखे यायला हवेत. पाच मिलीमीटरपर्यंतचा फरक जुन्या चौकटीत चालतो. त्याहून जास्त असेल तर चौकट तिरकी झालीय आणि झडपेचा काहीही दोष नाही.

चौकट तिरकी का होते? वाड्यात ती चुन्यात बसायची, भिंत जाड, आणि चुना थोडा सोसायचा. आज ती विटा आणि सिमेंटमध्ये ठासून बसवतात. वरचं लिंटेल, म्हणजे दारावरची भिंत पेलणारी तुळई, थेट गणेशपट्टीवर टेकवलेलं मी पाहिलंय, ते बघून पोटात गोळा येतो. चौकट फुगते, तिला बाहेर जायला जागा नसते, मग ती आत वाकते आणि दोन्ही बाजूंनी दार आवळते. मधोमध रुंदी मोजा, वर मोजा, खाली मोजा. मधली रुंदी कमी भरली तर हेच झालंय. नवीन बसवताना चौकट आणि भिंत यांच्यात बोटाच्या पेराएवढी जागा ठेवून ती लवचीक भरावाने भरायला हवी, आणि वरचं ओझं लिंटेलने उचलायला हवं. चौकटीने नव्हे.

पाचवी: रंधा, पण केव्हा आणि किती

आता रंध्याबद्दल. या कामाला लागलो त्या पहिल्या वर्षांत मी निपाणीच्या एका दाराची कड भर आषाढात चार मिलीमीटर तासली होती. त्या दिवशी दार सुरेख लागलं, मावशींनी चहा पाजला. माघात त्याच मावशींनी बोलावून दाखवलं: मधल्या फटीतून अंगणातली तुळस दिसत होती. त्या कडेवरचे मणी कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी पटाशीने एकेक कोरले होते. मी ते एका सकाळी काढून टाकले. नवी पट्टी जोडून फट बुजवली, पण ती जोडपट्टी आजही मला दुरून ओळखू येते.

तेव्हापासून पद्धत ठरलीय. पावसाळ्यात फक्त खूण करायची. दार सगळ्यात घट्ट असतं तेव्हा, साधारण पुष्य-आश्लेषा नक्षत्रात, चौकटीच्या आतून झडपेवर पेन्सिलने रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. माझ्या घरच्या दाराच्या मागे अशा रेघांची शिडीच झालीय, एकीखाली एक, प्रत्येकीपुढे साल. ज्या वर्षी खालची कड तेलाने बंद केली त्या वर्षापासून रेघा एकमेकींजवळ आलेल्या स्पष्ट दिसतात.

मग दिवाळी जाऊ द्या. मार्गशीर्ष-पौषात झडप पुरती सुकली की खडूची जागा आणि पेन्सिलची रेघ दोन्ही बघून ठरवा. उन्हाळ्यात झडपेच्या प्रत्येक बाजूला साधारण तीन मिलीमीटर जागा हवी. एक रुपयाचं नाणं सुमारे दीड मिलीमीटर जाड असतं. दोन नाणी एकावर एक ठेवून फटीत सरकली तर बरोबर. रुंद झडपांच्या मधे आणखी एक नाणं जास्त. सरकत नसतील तरच रंधा, आणि तोही कोरीव कडेला नाही. बिजागरीकडची, साधी, न दिसणारी कड निवडा. झडप उतरवून बिजागरीची खाच तेवढी खोल करा. एका वेळी अर्धा मिलीमीटर, मग लावून बघा. कड किंचित आतल्या बाजूला तिरपी ठेवली तर दार लागताना मोकळं जातं आणि बाहेरून फट दिसत नाही. तासलेली कड त्याच दिवशी तेलाने किंवा पॉलिशने बंद करा. उघडी ठेवलीत तर पुढच्या पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरणार.

आणि गणपती उद्यावर आले, दार आज अडकलंय, तर? खडू लावून जागा शोधा, मेण चोळा, अडलेली झडप खालून पाचरीने दोन मिलीमीटर उचलून धरा आणि उघडा. उत्सव होईपर्यंत दोन्ही झडपा उघड्याच ठेवा. पंख्याचा झोत किंवा हेअर ड्रायर मारून सुकवू नका. एका बाजूने घाईने सुकलेली फळी फुटते.

इथे थांबा, माणूस बोलवा

झडप उतरवायची असेल तर एकट्याने नाही. दोन मीटर उंच, अर्धा मीटर रुंद आणि पाच सेंटीमीटर जाड सागवानी झडप ३० किलोच्या वर भरते, वर लोखंडी फुल्या आणि कडी-कोयंडा वेगळा. खुंटाचं दार काढताना वरचा खुंट अचानक सुटतो आणि झडप अंगावर येते. किमान तिघं हवेत, आणि ज्याने असं दार पूर्वी काढलंय असा एक सुतार.

स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर न लावता लाकडात पेरभर आत गेलं, तर लाकूड कुजलंय. वरून लांबी लावून ते झाकता येतं, पण कूज आत चालूच राहते. कुजलेला भाग कापून त्याच जातीचा, रेषा जुळणारा तुकडा सांध्याने जोडावा लागतो. हे काम पटाशीवर हात बसलेल्या जुन्या सुताराचं. आपल्या भागात अजून असे बडिगेर (पिढीजात सुतार) आहेत. प्लायवूडचं फर्निचर करणाऱ्या पोरांना हे काम देऊ नका, ते त्यांनी शिकलेलंच नसतं.

चौकटीवर मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी. ती दारात राहत नाही, जमिनीतून येते, म्हणून रॉकेल ओतून काही होत नाही. परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भिंत आणि जमीन दोन्हीवर उपचार करून घ्या, मग दाराकडे बघा. पिठासारखी भुकटी आणि टाचणीएवढी भोकं म्हणजे भुंगा. तो बहुधा कडेच्या पांढऱ्या लाकडात असतो, पिवळसर-तपकिरी गाभ्याला सहसा लागत नाही. एखाद-दुसरं भोक जुनं असू शकतं. खाली काळा कागद अंथरा. आठवड्यात ताजी भुकटी पडली तर किडा जिवंत आहे.

जुना ऑइलपेंट, विशेषतः थरावर थर चढलेला हिरवा, पिवळा, तांबडा, त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नका. सँडर मशीन लावू नका, ब्लोलॅम्पने जाळू नका. लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर हे काम घरात होऊच देऊ नका. दार कारखान्यात नेऊन, ओलं ठेवून, मास्क लावून करणाऱ्याकडेच द्या.

चौकटीवर स्लॅबचं किंवा भिंतीचं ओझं आहे, वरच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी भेग गेलीय, गणेशपट्टीला नवी चीर दिसतेय, तर सुतारालाही बोलवू नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्याने टेकू द्यायला सांगितला तर टेकू दिल्याशिवाय चौकटीचा एक खिळाही काढू नका.

आणखी एक. दार शंभर वर्षांहून जुनं आणि कोरीव असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ते परदेशी पाठवता येत नाही. देवळाचं असल्याची शंका आली तर कुठून आलं याचे कागद मागा. कागद नसतील तर दुरुस्तीलाही हात लावू नका.

सुताराला फोन करताना नुसतं "दार अडकतंय" म्हणू नका. खडूची जागा, खालच्या-वरच्या कडेचे फोटो, दोन्ही कर्णांची मापं, पेन्सिलची रेघ आणि तारीख, आणि दार कुठल्या गावाहून आलंय, एवढं सांगा. आणि तो आला की रंध्याआधी ओळंबा काढतो का, ते बघा.